बनाबाईंच्या घरातला 'येते'

श्रीमती बनाबाई आण्णा चौगुले, जन्म १९५३, राहणार गडमुडशिंगी, आजही हयात. त्यांचे यजमान डेअरीत दूध घालून परतले आणि अंगणातच कोसळले, त्यास सव्वा वर्ष लोटले होते. घरच्यांनी वर्षश्राद्ध केले, म्हैस विकली. बनाबाईंचे जेवण मात्र अर्ध्या भाकरीवर आले ते तिथेच राहिले. "मला आता बोलावणं यावं," असे त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा सून वर्षाराणीने धास्तावून राजारामपुरीतील एका मानसोपचार केंद्रास फोन केला.

जोडीदाराच्या वियोगाने खचलेल्या वृद्धांवर तेथे संशोधन चालू होते आणि सहभागी मिळवण्याचे काम अनुजा कांबळेकडे होते. होकार वृद्धाने स्वतःच्या तोंडाने द्यावा, हा तेथील कडक नियम. बनाबाई तर त्या एका वाक्यानंतर कित्येक दिवस कोणाशी बोलल्याच नव्हत्या.

अनुजा गडमुडशिंगीला घरी गेली, तेव्हा मुलगा अमरसिंह दारातच आडवा आला.

"म्हातारीला येडी ठरवायला आलाय व्हय, म्याडम? गावात त्वांड दाखवायचं हाय आमाला."

"वेड नाही हो. दुःख आहे, ते उतरत नाही."

"वरीस सरलं की. कुणाचा न्हवरा मरत न्हाय?"

वर्षाराणीने आत घेतल्यावर अनुजाने बनाबाईंसमोर बसून सारे समजावले, पुन्हा समजावले. भिंतीवरची नजर हलली नाही. अमरसिंहाने अनुजाच्या चपलांकडे बोट दाखवले. आज होकार मिळाला नाही, तर हे दार पुन्हा उघडणार नव्हते आणि भाकरी अर्धीची पाव व्हायला वेळ लागणार नव्हता. ती नाइलाजाने उठली आणि सवयीने बोलून गेली, "येते हं, आजी."

बनाबाईंची मान वळली.

"कुणाची ल्येक गं तू? दुखवट्याच्या घरातनं येते म्हणत्यात व्हय?"

सुतकाच्या घरातून न बोलता उठावे, हे अनुजास ठाऊक होते; वर्ष सरलेल्या घरास तो संकेत लागू नव्हता.

"आये, दुखवटा कवाच सपला," अमरसिंह म्हणाला.

"तुमचा सपला. माझा न्हाय."

वर्षाराणीने पदर तोंडाशी नेला. अनुजा हळूच पुन्हा खाली बसली. "मग ते सांगायला याल, आजी? ऐकणारं माणूस आहे तिथं."

"बरं वाटंल?"

"खात्री देता येत नाही."

"दिली असतीस तर उठवलं असतं तुला." बनाबाई म्हणाल्या, "यीन मी. पर हितनं जाताना गप उठायचं."

अनुजा गप उठली. बनाबाई केंद्रात जाऊ लागल्या; अनुजा घरी विचारपूस करायला येई, तेव्हाही तशीच गप उठे. सहा महिन्यांनी शेवटची विचारपूस करून ती उंबऱ्यापाशी आली, तेव्हा मागून आवाज आला.

"मुकी झालीस व्हय? येते म्हण की."

अनुजा म्हणाली.

संशोधनाचे निष्कर्ष अद्याप यावयाचे आहेत. बनाबाई दीड भाकरी खातात. सहभागींच्या घरी नंतर खाजगी जाणे-येणे ठेवू नये, असा केंद्राचा दंडक आहे. त्यामुळे अनुजाचे येणे तेवढे राहून गेले आहे.