दुपारी पास, संध्याकाळी नापास

कॉम्प्युटर संध्याकाळी बंद पडायचा आणि दुपारी पडायचा नाही, हे मला काही केल्या पटत नव्हतं. परभणीचा मे महिना. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि त्या वेळी हा गडी न कुरकुरता पळतो. संध्याकाळी जरा निवलं की निळा स्क्रीन दाखवून मोकळा. उलटं असतं तर मी मुकाट्यानं मान्य केलं असतं.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. दुपारी गावातल्या एका स्टुडिओत बसून लोकांना कोणते शॉट ठेवायचे ते विचारायचं, आणि जोडकाम घरच्या कॉम्प्युटरवर करायचं. लग्नसराईत तो जुना कॉम्प्युटर एक फिल्म तयार करायला इतका वेळ घ्यायचा, की स्टुडिओचे मालक एकदा म्हणाले, "ताई, तुमच्यानं व्हत नसल तर नांदेडला देतो." ते मला झोंबलं. मग मी इंटरनेटवर बघून बघून त्याला ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे प्रोसेसरला नेमून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायला लावलं. पळाला, पण मध्येच कोसळायला लागला. अशा वेळी टेस्ट घ्यायची असते. प्रोसेसरला मुद्दाम राबवून घेणारा एक प्रोग्राम असतो, तो शेवटपर्यंत चालला की पास, मध्येच मशीन बंद पडलं की नापास.

घरात आम्ही तिघं. नवरा मानवतला एका अडतीत हिशेब बघतो, सकाळच्या एसटीनं जातो आणि दिवेलागणीला येतो. तिसरे सासरे. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. तहसीलमध्ये कारकुनी करून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. गेल्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं आणि माणूस हातचा जाता जाता राहिला. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही नाही, दुपारचं यांना कूलरसमोरून उठू देऊ नका. त्यांची खाट मधल्या खोलीत, वर पत्रे. म्हणून घरातला एकुलता एक कूलर, चाकांचा, त्यांच्या उशाशी. कॉम्प्युटर त्याच्या आतल्या खोलीत. घरातून निघताना मी कूलरची टाकी भरायचे, बटण दाबायचे, तोंड मामांकडे आहे ना ते बघायचे आणि मगच चप्पल घालायचे. बाकी कशाची नाही, पण त्या एका गोष्टीची मला धास्ती होती.

टेस्ट मी निघताना लावून जायचे, कारण दुपारी कॉम्प्युटर रिकामाच असायचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसायचं. मी मामांना म्हटलं, "अधूनमधून आत डोकावत जा. हा आकडा नव्वदच्या वर गेला की मला फोन करा."

"करतो की," ते म्हणाले.

फोन कधी आला नाही. संध्याकाळी येऊन बघावं तर पास. तीच सेटिंग, तीच टेस्ट माझ्यासमोर पुन्हा लावावी तर नापास. मशीनला माझंच तोंड बघवत नाही की काय, असं वाटायला लागलं.

आमच्याकडे काहीही बिघडलं की पहिला संशय लाईटवर. संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर आणि पंखे एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतं, मिक्सर रडायला लागतो. तेव्हा चोर सापडलाच असं समजून शेजारच्या काकूंकडून त्यांचा जुना स्टॅबिलायझर उचलून आणला. काही फरक नाही. रॅम काढून खोडरबरानं घासून परत बसवली. प्रोसेसरची गरमी ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मी उपासासारखा पाळला. दुपारी पास, संध्याकाळी नापास. नवऱ्याला मात्र भारी गंमत वाटायची. "जगात जर्मनी, भारतात परभणी," तो म्हणायचा. "आपल्या मशीनला ऊन मानवायलंय."

"तुमी तुमची अडत बघा," मी म्हणायचे. एकदा मधल्या खोलीत दारापाशी पाणी सांडलेलं दिसलं. कूलर गळतोय वाटतं, म्हणून मी ते पुसून घेतलं.

त्या दिवशी स्टुडिओच्या भागातली लाईट दुरुस्तीसाठी बंद ठेवली होती. मालकांनी भर उन्हात मला घरी पाठवलं. मी दार लोटून आत आले तर खाट रिकामी आणि उशाशी कूलर नाही. कूलर चोरीला गेला असंच मला आधी वाटलं. मग त्याची घरघर ऐकू आली.

कूलर आतल्या खोलीच्या दारात उभा होता, तोंड आत, कॉम्प्युटरकडे. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. सगळा गारवा त्या उघड्या डब्यात चाललेला. आणि मामा कूलरच्या पाठीमागे, पत्र्याखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. डोक्यावर टॉवेल, कधी काळी ओला असेल, आता कडक झालेला. मान उंच करून कूलरवरून ते स्क्रीनकडे बघत होते.

मी "मामा" म्हटलं. त्यांनी सावकाश मान वळवली. "एक्क्याऐंशी," म्हणाले. जीभ जड झालेली.

मी त्यांच्या पाठीला हात लावला. पाठ तव्यासारखी तापलेली आणि घामाचा एक थेंब नाही. घाम नसणं म्हणजे काय, ते मला गेल्या उन्हाळ्यात कळलं होतं. कूलर ओढला, तो उंबऱ्याला अडला, मी रडतच त्याला लाथ घातली. माठातलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं आणि चौकातल्या रिक्षावाल्याला ओरडून बोलावलं. निघताना आतल्या खोलीकडे नजर गेली. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत पास आलं होतं.

रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, तरी डोक्यात शिरत नव्हतं. आजचं नव्हतं हे, रोजचं होतं. जितक्या दुपारी पास झाला तितक्या दुपारी हा माणूस त्या पत्र्याखाली भाजत बसला होता, आणि मी यायच्या आत कूलर ढकलून जागेवर नेऊन ठेवत होता. मी संध्याकाळी येऊन निकाल बघून खूश होत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं होतं का, ते मला आठवेना.

दवाखान्यात सलाईन लागलं, काखेत बर्फ ठेवला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, अजून थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. नवरा मानवतहून थेट तिथंच आला. मी सगळं सांगितलं. तो बाकावर बसला.

मामा घरी आले त्याआधी मी प्रोसेसरचा वेग मूळचा करून टाकला होता आणि मालकांना सांगितलं होतं, उशीर चालत असेल तर मला द्या, नाहीतर खुशाल नांदेडला पाठवा. मामा खाटेवर टेकले, कूलर समोर लावला, आणि इतका वेळ दाबून ठेवलेला माझा राग बाहेर आला.

"मी फोन करा म्हटलं होतं मामा. कूलर हलवा म्हटलं होतं का?"

"आकडा नव्वदला जायलाता. फोन केला आसता तर काम टाकून आली आसतीस, उन्हातानाची."

"मग बंद पडू द्यायचं. मशीनच हाय ते. तुमच्या जिवापेक्षा मोठं हाय का?"

त्यांनी दाराकडे बघितलं. नवरा दारात उभा होता.

"मशीन बंद पडलं की तू जेवत न्हाईस, बाई," ते म्हणाले. "ताट झाकून ठिवतीस, अन् यानं इचारलं की जेवले म्हणतीस. मी बघायलोय ना रोज."