दहावीनंतरची सायकल

आमच्या घरात दहावीचा निकाल लागला की मुलीची सायकल धाकट्या भावाला जाते. आत्याची गेली, ताईची गेली, माझीही गेली. का, हे विचारायचं नाही. मी बीएस्सी झाले, शहाद्याच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागले आणि माउंटन बाइक घेऊन म्हसावदला घरी आले. तेव्हापासून आमच्या ओट्यावर किस्स्यांचा नुसता ढीग पडलाय. ऐकून मैत्रिणी पोट धरून हसतात. मला फारसं हसू येत नाही, पण सांगते.

*

पहिल्या दिवशी आप्पांनी सायकलभोवती एक चक्कर मारली. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते बोलले की घरात विषय संपतो. वडील, म्हणजे नाना, तर विषय सुरूच करत नाहीत.

"कॅरिअर कोठे शे?"

"या सायकलला नसतं, आप्पा."

"मडगार्ड? स्टँड?"

"तेही नसतं. ही डोंगरात चालवायची."

आप्पा नानांकडे वळले. "पोरले अर्धी सायकल दीसन फसाडं रे कोनी तरी!"

संध्याकाळी ड्युटीवरून आले, तर मागे जुन्या सायकलचं कॅरिअर तारेने आवळून बांधलेलं! गवताचा भारा ठेवायला.

*

शिकवणारं कोणी नव्हतं. मी आणि नसीम, माझी शहाद्याची कॉलेजमैत्रीण, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. तोरणमाळच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याला गुरांच्या पायवाटा आहेत, तिथे जायचो. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करायचा असतो, हे आम्हाला चढाच्या मधोमध कळलं. चेन कडाड वाजली आणि मी आडवी, मागोमाग तिच्या सायकलवरून नसीमही!

मग सायकल ढकलत निघालो. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई वरून उतरत होती. थांबली, माझ्याकडे आणि सायकलकडे नीट बघितलं आणि विचारलं, "ही तुला नेते, की तू हिला?"

दोघींचे गुडघे फुटले, ते घरी दिसले. नसीमचे चाचा म्हणाले, "घुटने छिल गए तो रिश्ता कौन लाएगा?" आमचे आप्पा म्हणाले, "गुडघा फुटना, आते पाव्हना काय म्हनतीन?"

नसीम म्हणाली, "दोघांची शाळा एकच होती की काय गं?"

*

त्या हिवाळ्यात आप्पा आम्हाला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारात घेऊन गेले. तिथे एक मुलगी उंच पांढरी घोडी दौडवत होती. केस मोकळे, धुरळा उडतोय. आप्पा टाचा उंचावून बघत होते. "शाब्बास बेटा! काय बठक शे!"

मी म्हटलं, "आप्पा, ती पडली तर गुडघा नाही फुटणार?"

आप्पांनी नजर न हलवता उत्तर दिलं, "ती लोकेसनी पोर शे." लोकांची पोर, म्हणून शाब्बास!

*

दसऱ्याला आमच्याकडे लोखंडाची पूजा असते. आदल्या दिवशी आप्पा तेलाची बुधली घेऊन फिरतात. ट्रॅक्टर, विळे, कडीकोयंडे, काही सुटत नाही. यंदा माझी सायकलही सुटली नाही. तिच्या चाकाला लोखंडी चकती असते आणि त्या चकतीला घासूनच ब्रेक लागतो. ती थोडी कुरकुरत होती. आप्पांनी दोन्ही चकत्यांना मनापासून तेल चोपडलं, दसऱ्याला वर हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी उतारावर ब्रेक दाबला. दाबत राहिले. सायकल थांबली नाही, मी थांबले. सागाच्या झाडाला.

हनुवटीला टाके पडले, गुडघा सुजून हा एवढा! नसीमने चकतीवरून बोट फिरवून मला दाखवलं. मी तिला घरी आणून ते बोट आप्पांसमोर धरायला लावलं. आप्पांनी तेल ओळखलं. मग म्हणाले, "पन पोरनी जातले डोंगरमा जावानं कारन काय?"

त्या दिवशी सायकल भिंत घातलेल्या खळ्यात गेली, खळ्याच्या दाराला कुलूप लागलं आणि किल्ली आप्पांच्या खिशात गेली. आई म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच ना." भल्याचं तेल तर माझ्या हनुवटीवर दिसतंच आहे!

*

दिवाळीनंतर मला बघायला धुळ्याकडचे पाहुणे आले. आप्पांनी सकाळीच बजावलं होतं, "जिनावरतीन पडनी असं सांगजो." आई म्हणाली, "जिन्यावरून पडले म्हणायचं, एवढं एक ऐक."

पोहे झाले. मुलाच्या मामांनी माझ्या हनुवटीकडे बोट केलं. "हाई काय व्हयनं?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "जिनावरतीन पडनी."

मामांनी मान वर करून बघितलं. आमच्या घराला माडी नाही. वर पत्रे आहेत.

"कोनता जिना?"

मामांनीच विषय बदलला. "बरं, पाय ते चांगला शे ना? जराशी चालीसन दखाड, बेटा."

आई खुणेने मला उठ म्हणत होती.

"चालून दाखवणार नाही," मी म्हटलं. "सायकलवरून पडले. डोंगरात. ब्रेक लागला नाही, कारण आप्पांनी त्याला तेल घातलं होतं."

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "पण आता सोडलीस ना सायकल?"

"नाही. रविवारी परत जाणार आहे."

मी आप्पांसमोर हात पुढे केला. "आप्पा, खळ्याची किल्ली."

आप्पा नानांकडे बघायला लागले. नाना जमिनीकडे. मुलाचे मामा अजूनही वर पत्र्यांकडेच बघत होते.