एक्केचाळीस दिवस लॉगआउट न केलेला माणूस

ज्योतीरामभाऊ कागदावर हेल्पर आहेत. कंपनीत येऊन त्यांना चोवीस वर्षं झाली, पण कागद काही बदलला नाही. चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांच्या सीटखाली बसणारे लोखंडी ब्रॅकेट तयार होतात आणि ते ट्रकमध्ये भरून बाहेर काढायचं काम डिस्पॅच विभाग करतो. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर भाऊ बसतात. अंगात हेल्परचा निळा शर्ट आणि समोर कंपनीतले सगळ्यात जास्त हक्क असलेला कॉम्प्युटर. म्हणजे, होता. तेच सांगायचं आहे, आणि सांगताना माझा पारा चढला तर चालवून घ्या.

मी जयदीप. कंपनीची सिस्टिम सांभाळतो. प्रिंटर कागद ओढत नसला की शिव्या मला, आणि ओढायला लागला की प्रिंटर शहाणा.

भाऊ कळंब तालुक्यातले. २००१ साली आले ते माल चढवायच्या कामावर. दोन वर्षांनी कंपनीत पहिला सर्व्हर आला, तो टेम्पोतून खांद्यावर वर नेला भाऊंनी. बसवायला आलेल्या माणसाला परतीची गाडी पकडायची घाई होती. मुख्य वापरणाऱ्याचं नाव काय टाकू, असं त्याने विचारलं तेव्हा साहेबलोक जेवायला गेले होते आणि खोलीत भाऊ एकटेच होते. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. दुसऱ्या कुणाचं सांगणार? अशा रीतीने एक हेल्पर कंपनीच्या सिस्टिमचा सर्वाधिकारी झाला. पुढे सर्व्हर तीनदा बदलला, पण दर वेळी जुन्यातलं नव्यात उतरवताना भाऊंचे हक्कही उतरत गेले. माझ्या आधीच्यांनी ते पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मीही पाच वर्षं पाहिलं नाही.

एवढ्या हक्कांचं भाऊंनी केलं काय, तर फक्त एक काम. डिस्पॅचचा प्रोग्रॅम आठवड्यातून दोन-तीनदा अडकतो. एकाचं लेबल अडकलं की मागची सगळ्यांची अडकतात. लेबल नाही तर गेटपास नाही, आणि ट्रकवाला गेटवर हॉर्न वाजवत बसतो. जो प्रोग्रॅम अडकला तेवढा बंद केला की बाकीचे सुटतात, पण दुसऱ्याने उघडलेला प्रोग्रॅम बंद करायचा हक्क सगळ्यांना नसतो. भाऊंना होता. लेबलं काढणारी रुपाली हाक मारायची, "भाऊ, अडकलं बघा!" आणि दहा मिनिटांत ट्रक बाहेर पडायचा.

ऑगस्टमध्ये आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचे तपासनीस आले. त्यांचं म्हणणं एकच, की ज्याला कामापुरता जेवढा हक्क लागतो तेवढाच द्या. तत्त्व चोख आहे, मी त्याच्या बाजूचाच माणूस. पण कुणाचं काम काय हे ठरवायला एचआरच्या मंजुषा मॅडमनी पदांचा तक्ता काढला. मॅनेजरपुढे पाच हक्क, ऑपरेटरपुढे तीन, आणि हेल्परपुढे एक. पाहणे.

मी तो तक्ता सिस्टिमच्या फाइलीत घातला. ही फाइल वाचली जाते ती माणूस लॉगिन करतो त्या क्षणी. सिस्टिम नाव बघते, नावापुढचे हक्क त्याच्या पदरात टाकते, आणि मग तो जो जो प्रोग्रॅम उघडेल त्यालाही तेवढेच हक्क मिळतात. आधीच आत बसलेल्या माणसाला मात्र फाइल बदलल्याचा पत्ता नसतो. तो बाहेर पडेपर्यंत त्याचे जुने हक्क तसेच चालतात.

हे सगळं मी भाऊंना समजावून सांगितलं. ते नीट ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे साहेब, मी बाहेरच पडलो न्हाई तर?"

"तर काय, जसं आहे तसंच राहील," मी हसत हसत म्हणालो. मला वाटलं विषय संपला.

त्या दिवसापासून भाऊंनी लॉगआउट केलं नाही.

आता यात एक अडचण होती. वीस मिनिटं कुणी हात लावला नाही की सिस्टिम माणसाला आपोआप बाहेर काढते. म्हणून माउस हलवायच्या पाळ्या लागल्या. पहिल्या शिफ्टला रुपाली, दुसरीला वेल्डिंगचा सुजित, तिसरीला गेटवरचा समाधान. भिंतीवर तक्ता लागला. उत्पादनाच्या तक्त्यावर चार दिवस आकडे चढत नाहीत, पण या तक्त्यावर दर वीस मिनिटाला सही! पुढे सुजितला कंटाळा आला. त्याने टेबलफॅन आणला, कागद उडू नयेत म्हणून भिंतीकडे तोंड करून मान हलवायला लावला आणि फॅनच्या जाळीला सुतळीने माउस बांधला. फॅन डावीकडे वळला की माउस डावीकडे, उजवीकडे वळला की उजवीकडे. पंधरा दिवस तो फॅन कुणाला वारा न घालता फिरत होता, आणि तिथे घामाने निथळणारी माणसं त्याला धक्का लागू नये म्हणून वळसा घालून जात होती.

गुरुवारी कंपनीला सुट्टी, आणि वीज मंडळालाही नेमकी गुरुवारीच दुरुस्ती आठवते. वीज गेली की फॅन आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद, आणि सुट्टीच्या दिवशी कंपनी जनरेटर लावत नाही. म्हणून गुरुवारी चिखलीच्या घरून भाऊ स्वतः यायचे, सोबत मंजुळावहिनी, घरचा इन्व्हर्टर आणि डबा. एका गुरुवारी मी काही कामाने गेलो तर वहिनी कीबोर्डशेजारी वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसल्या होत्या आणि अधूनमधून माउसला बोट लावत होत्या.

"ह्याला सारका हात लागतो बगा," त्या मला म्हणाल्या. "आमचा थोरला ल्हान असताना असाच व्हता. हात काढला की जागा."

इकडे मंजुषा मॅडम रोज माझ्या मागे लागलेल्या. "जयदीप, नियम लागू झाला ना?"

"झाला. 'पुढील लॉगिनपासून' असं तुम्हीच लिहिलंय."

"अहो, पण ते लॉगिन करतच नाहीत!"

"कसे करतील? आतच आहेत."

माझ्या टेबलावरून एक ओळ टाइप केली असती तर भाऊ बाहेर पडले असते. मी ती टाइप केली नाही. त्यात माझा मोठेपणा कमी आणि अडकलेली लेबलं गळ्यात पडायची भीती जास्त होती. पण एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, भाऊ, कशाला हा खटाटोप? पगार तोच, शर्ट तोच.

ते डबा पुसत होते. "चोवीस वर्सांत कंपनीनं मला एकच गोष्ट दिली साहेब, आन् ती बी चुकून," ते म्हणाले. "ती गेली तर मी कागदावर हाय तेवढाच उरतो."

मी तसाच उठलो. मॅडमकडे जाऊन भांडलो. त्यांचं पद बदला म्हटलं. त्या म्हणाल्या, सिस्टिम ऑपरेटर पदाला डिप्लोमा लागतो, आणि बावीस वर्षांच्या अनुभवाला तक्त्यात रकाना नाही. मग रकाना करा, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, रकाना करायचा हक्क त्यांना नाही.

असे चाळीस दिवस गेले. एक्केचाळिसाव्या दिवशी खंडेनवमी आली.

आमचे मालक लक्ष्मणराव चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातले. बाकी कशात हयगय चालेल, खंडेनवमीत नाही. सगळी यंत्रं बंद करायची, धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालायच्या, आणि मालक हातात ताट घेऊन एकेका यंत्रापुढे उभे राहणार. प्रेस थांबले, वेल्डिंग थांबलं, कॉम्प्रेसर कित्येक महिन्यांनी गप्प झाला. सर्व्हर वरच्या खोलीत चालूच होता, पण मालकांना ते यंत्र वाटत नाही, कपाट वाटतं. डिस्पॅचमध्ये शिरताच त्यांना फॅन दिसला.

"ह्यो का फिरतोय?"

मालकांनी सुतळीवर नजर फिरवली, माउसवर फिरवली आणि ताट रुपालीच्या हातात दिलं.

"मालक, एवढा एक असू द्या," मी पुढे झालो. "बंद केला तर अडचण आहे."

"का? जावई हाय व्हय त्यो? आरं, आजच्या दिवशी आमचा आज्जा विळ्याला बी हात लावत नव्हता. समदं बंद म्हंजी समदं बंद."

मी मालकांना समजावणार होतो, पण भाऊ उठले. माळ त्यांनी आधीच करून ठेवली होती, पण चालत्या यंत्राला ती घालता येत नव्हती. त्यांनी सुतळी सोडली, पडद्याला नमस्कार केला आणि स्वतःच्या हाताने लॉगआउट दाबलं. मग माळ घातली. मालकांनी कुंकू लावलं, पेढा दिला आणि पुढे गेले. मी माझा पेढा खिशात ठेवला.

दसरा नेमका गुरुवारी, म्हणजे लोकांची एक सुट्टी बुडालीच. शुक्रवारी भाऊंनी लॉगिन केलं. पडद्यावर एकच बटण. पाहणे. त्यांनी दाबलं. यादी आली. दिवसभर ती यादी पाहत ते ताठ बसून होते, आणि मी दोनदा खाली जाऊन जिन्यातूनच परत आलो.

शनिवारी दुपारी अडकलं. रुपालीने सवयीने भाऊंना हाक मारली आणि लगेच जीभ चावली. मग मला फोन. हक्क आता माझ्याकडेच होता. मी यादी उघडली. तिच्यात उघडणाऱ्याचं नाव येत नाही, फक्त प्रोग्रॅमचं येतं, त्यामुळे बारा ओळी अगदी सारख्या. खाली गेटवर हॉर्न सुरू झालेला. मी सगळ्यात जुनी दिसणारी ओळ पकडली आणि बंद केली. ती सुजितची निघाली. त्याने मोजून भरलेले वेल्डिंगच्या साठ्याचे सगळे आकडे गेले, आणि अडकलेलं अडकलेलंच राहिलं. मग घाबरून मी आणखी दोन बंद केल्या. ट्रक अडीच तास उभा होता.

गिऱ्हाइकाचा फोन थेट लक्ष्मणरावांना गेला. ते खाली आले ते ओरडतच. "त्या ज्योतीरामाचं हाय त्ये त्याला द्या आदी!" मॅडमनी मुकाट्याने अर्ज काढला. 'हक्क देण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलं: अडकलेलं कुणाचं आहे ते यांना कळतं. मालक डोक्यावर उभे असल्यामुळे मॅडमनी न वाचता सही केली. सगळा तक्ता बाजूला ठेवून मी फाइलीत एक वेगळी ओळ घातली, पदाची नाही, माणसाच्या नावाची. ज्योतीराम. पुढे त्यांचे हक्क.

धावत खाली गेलो. "भाऊ, झालं तुमचं काम. फक्त लॉगआउट करून परत आत या."

भाऊंनी माउस मुठीत घट्ट धरला. "न्हाई साहेब."

"अहो, हक्क परत दिलेत! पण ते पुढच्या लॉगिनलाच लागतात."

"मागल्या वेळी बाहेर पडलो तवा समदं गेलं. आता हे पाह्यचं तेवढं हाय. आसू द्या हे."

रविवारी समजावलं, सोमवारी समजावलं. मॅडमची सही दाखवली. ते वाचायचे, नाही म्हणायचे आणि माउस सोडायचे नाहीत. फॅन पुन्हा जागेवर आला. या वेळी सुतळी त्यांनी स्वतः बांधली होती. आणि कशासाठी, तर एका 'पाहणे'साठी! मला इतका राग आला की काय सांगू. भाऊंचा नाही, पण कुणाचा तेही सांगता येईना.

मंगळवारी चारला पुन्हा अडकलं. गेटवर दोन ट्रक. माझा हात बारा ओळींवर चालेना. शेवटी मी माझ्या टेबलावरून ती एक ओळ टाइप केली आणि भाऊंना बाहेर काढलं. त्यांच्याच भल्यासाठी काढलं, दुसरा मार्ग नव्हता, अशी मनाची समजूत घालतोय तोवर जिन्यावर पावलं वाजली.

ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले. पाच वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"इचारायचं तरी व्हतं, साहेब."

"दोन दिवस विचारतोय, भाऊ. तुम्ही नाही म्हणत होता."

"मंग न्हाई म्हणलो व्हतो की."

मला लाज वाटली, सरळ सांगतो.

"बावीस वर्सं माझ्या हातात व्हतं," ते म्हणाले. "कुणाचं बी बंद करता येत व्हतं, मोठ्या साहेबाचं सुदिक. पर ज्याचं हाय त्याच्या टेबलापाशी जायचो, इचारायचो. हां म्हणला तरच दाबायचो. न्हाई म्हणला तर थांबायचो."

"आणि ट्रक?"

"ट्रक बी थांबायचा," भाऊ म्हणाले, आणि लॉगिन करायला खाली गेले.