आबांचं ठणठणीत मडकं

माझ्या वडिलांच्या अंत्यविधीत निवड करायचं एकच काम माझ्याकडे आलं होतं, आणि त्यातही मी चुकलो.

बाकी सगळं तात्यांनी ठरवलं. तात्या म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, चुलतभाऊ. गावात कुणी गेलं की बांबू कुठल्या बेटातला तोडायचा इथपासून बायकांनी रडायचं कधी थांबायचं इथपर्यंत सगळं तात्या सांगतात. मला ते एवढंच म्हणाले, "सुऱ्या, पडवीतनं मडकं घेऊन ये."

मी पडवीत गेलो. तिथे दोन मडकी होती. एक जमिनीवर होतं, हलकं, त्याच सकाळी बबनने जवळच्या चौक गावाहून आणलेलं. (बबन हा तात्यांचा मुलगा. चौकला हायवेवर त्याचं गॅरेज आहे.) दुसरं फळीवर होतं. तेही लाल आणि कोरं, पण गोणपाटात गुंडाळून, दोरीने बांधून ठेवलेलं. शहाणा माणूस खालचं मडकं उचलून बाहेर आला असता. पण त्या सकाळी मी शहाणा नव्हतो, अपराधी होतो, आणि अपराधी माणसाला उगाच काहीतरी जास्तीचं करावंसं वाटतं.

अपराध असा. थंडीत आमच्याकडे वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. आबांच्या हातची पोपटी खायला लोधिवलीपासून लोक यायचे. मीही यायचो. मग खोपोलीला नोकरी लागली, फ्लॅट झाला, आणि मी येईनासा झालो. खोपोलीहून आमचं गाव फार लांब आहे असं नाही. एसटीत शेंगदाण्यांची पुडी सोडावी, तर ती संपायच्या आत गाव येतं.

त्या थंडीत आबांचा दर आठवड्याला फोन यायचा. "शेंगा भरल्यात रं. कधी येतोस?"

"पुढच्या रविवारी बघू, आबा."

एका रविवारी सोसायटीची मीटिंग होती. एका रविवारी सोफा घ्यायला गेलो होतो. एका रविवारी तर मी घरी पांघरूण घेऊन लोळत होतो आणि फोनवर सांगितलं की कंपनीत आहे. आबा म्हणाले, "बरं बरं. शेंगा काय पळून जात नायत."

शेंगा नाही गेल्या. आबा गेले, झोपेत, एका बुधवारी.

तर असा मी पडवीत उभा होतो. दोन्ही मडकी मी बोटाने वाजवून पाहिली. मडकं वाजवून घ्यायचं, हे मला आबांनीच शिकवलेलं. खालचं 'भद्द' वाजलं. फळीवरचं गोणपाट सोडून वाजवलं, तर ते देवळातल्या घंटेसारखं 'ठण्ण' वाजलं. मनात आलं, बाकी काही जमलं नाही, निदान शेवटचं मडकं तरी आबांना चांगलं न्यावं. ते कुणी कशासाठी एवढं जपून बांधून ठेवलंय, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. सोफा घेताना मी दुकानदाराला याहून जास्त प्रश्न विचारले होते.

आमचं मसण नदीकाठी आहे. वर खोपोलीच्या वीजघरातून पाणी सुटतं म्हणून आमची नदी थंडीतही भरून वाहते. (ही माहिती पुढे लागणार आहे.) अग्नी दिला. मग पाण्याने भरलेलं मडकं माझ्या खांद्यावर आलं. फेरी घालायची, प्रत्येक फेरीला तात्यांनी दगडाने मडक्याला भोक पाडायचं, धार सांडत राहायची, आणि शेवटी मडकं पाठीमागे टाकून फोडायचं, अशी पद्धत. टाकल्यावर मागे वळून बघायचं नाही.

पहिली फेरी. तात्यांनी दगड मारला. ठण्ण.

तात्यांनी दगडाकडे बघितलं, मडक्याकडे बघितलं, आणि जरा जोर लावला. ठण्ण. या वेळी दगड निसटून माझ्या कानाला चाटून गेला.

"तात्या, बापासोबत पोरालापण धाडता काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या फेरीला तात्यांनी मोठा दगड घेतला. त्याचा टवका उडाला. दगडाचा. मडकं जसंच्या तसं.

बबन कळवळून जवळ आला. "तात्या, गाडीत ड्रिल हाय. आणू का?"

"गप ऱ्हा," तात्या म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "मातीचं मडकं जरा जरा पाझरतंच. पाझरतंय असं समजा. चल रं पुढं."

तिसऱ्या फेरीपर्यंत खांदा बधिर झाला होता. एरवी धार सांडते तसं मडकं हलकं होत जातं. माझं भरलेलंच होतं. तात्यांनी खूण केली, मी डोळे मिटून मडकं मागे टाकलं आणि तोंड रस्त्याकडे करून फुटण्याच्या आवाजाची वाट बघत उभा राहिलो.

धप्प असा आवाज आला. मग गडगड, गडगड. मग लोकांचं "अरं अरं अरं".

"फुटलं का?" मी रस्त्याकडे बघत विचारलं.

"नाय," बबन म्हणाला.

"मग?"

"चाललंय."

"कुठं?"

"नदीवर."

मला वळायची बंदी. सगळा गाव माझ्या पाठीमागे काहीतरी बघतोय, आणि ज्याचा बाप गेला त्याला दिसतोय फक्त रस्ता आणि त्यावर उभी असलेली एक म्हैस! म्हशीलाही ते दिसत होतं. मला नाही.

डुबुक.

"बुडालं?"

"नाय रं," बबन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कौतुक आलं. "तरंगतंय. मस्त चाललंय. होडीवानी."

गर्दीत कुणीतरी नाकातून हसलं. मग आणखी कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं. आणि माझे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं मला हुंदका आला. दोघंतिघं पुढे येऊन पाठीवर हात फिरवायला लागले, "रड बाबा, मोकळा हो." मी मोकळा होत होतो, पण भलत्याच बाजूने. वडिलांच्या चितेकडे पाठ करून मी हसत होतो, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. त्यातलं कुठलं कशाचं, ते मला आजही वेगळं करता येत नाही.

शेवटी बबन पँट वर करून पाण्यात शिरला आणि मडकं घेऊन आला. तात्यांनी ते घाटाच्या पायरीवर आपटलं. पुन्हा आपटलं. मडक्याच्या काठाचा नखाएवढा तुकडा उडाला.

"फुटलं," तात्यांनी जाहीर केलं.

"तात्या, ह्ये फुटलं?"

"टवका उडाला म्हंजे फुटलंच. बोंब मार रं सुऱ्या."

मी रस्त्याकडे बघत बोंब मारली. म्हैस निघून गेली. मडकं तिथेच करंजाच्या झाडाखाली ठेवून आम्ही परतलो.

घरी जाताना मला धास्ती होती ती आईची. सकाळपासून आई रडली नव्हती आणि एक शब्दही बोलली नव्हती. भिंतीला टेकून बसली होती, समोर चहाला साय धरली होती. बायका तिला हलवून हलवून रडवायला बघत होत्या. "रड गं बाय, नाय तर धसका बसंल." आई भिंतीसारखीच बसून. आबांसाठी करायचं शेवटचं कामही मी बिघडवलं, हे आता तिला कसं सांगायचं?

पण गावातून बातमी लपत नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा म्हणून मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "आई, मडकं फुटलं नाय गं. तात्यांनी लई मारलं. नुसता टवका उडाला."

आईने मान वळवली. त्या दिवसातले तिचे पहिले शब्द होते, "कंचं मडकं?"

"फळीवरचं."

"गोणपाटातलं?"

"हो."

आईने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. काकू, म्हणजे तात्यांची बायको, समाधानाने म्हणाली, "रडली गं बाय एकदाची." पण पदराआडून जो आवाज आला तो रडण्याचा नव्हता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"पोपटीचं मडकं नेलंस व्हय रं मुडद्या?" आई हसत हसत म्हणाली. "गेल्या वर्षी ऐन आगीत मडकं तडकलं. अंडी सगळी इस्तवात. तवा यंदा कुंभाराकडं जाऊन सांगितलं यांनी, मी मेलो तरी फुटाय नको असं दे." तिने डोळे पुसले. "कुंभारानं शब्द पाळला बघ."

मग काकूलाही आवरेना. सुतकाच्या घरात बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या, आणि हसता हसता आई रडायला लागली. खरंखुरं, मोठ्याने. मला हायसं वाटतंय तोवर ती म्हणाली, "तुझ्यासाठीच आणलेलं रं. सुऱ्या येतोय म्हणायचे. रोज खाली काढायचे, वाजवायचे, परत बांधून ठेवायचे."

मी तिथेच भिंतीला टेकलो. काकूने माझ्यापुढे गरम चहा ठेवला. तो आईच उचलून प्यायली.

पुढचे दिवस त्या मडक्याचेच होते. भेटायला येणारा माणूस आधी "कसं झालं हो?" असं विचारतो. आमच्याकडे येणारा "ते मडकं कुठाय?" असं विचारायचा. आणि आई सांगायची. दर खेपेला गोष्ट जरा वाढायची. कुंभाराला आबांनी आधी एक वाक्य सांगितलं होतं, तेराव्यापर्यंत अख्खं भाषण झालं. पडवीत दोन्ही मडकी वाजवणारा माझा चेहरा ती करून दाखवायची. बायका डोळे पुसत यायच्या आणि पोट धरून जायच्या. प्रत्येक गोष्टीत मूर्ख मीच होतो, पण आई दोन घास जेवत होती, म्हणून मीही शेजारी बसून मान डोलवायचो.

फक्त तात्यांना झोप नव्हती. "पुरतं फुटलं नाय," ते म्हणायचे. "माझ्या मनाला लागून ऱ्हायलंय. दादाचा जीव अडकला असंल त्यात."

"अडकणारच," आई म्हणाली. "पोपटी खाल्ल्याबिगर कुठं जातायत ते?"

तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं, आणि आईने जाहीर केलं, "शेंगा जून व्हायला लागल्या. पोपटी लावू."

तात्या उडालेच. "वैनी, वरीस झालं नाय. सण करायचा नसतो."

"सण कुठाय? शेंगा हायत."

"आणि मडकं?"

"मडकं हाय की. नदीवर."

"मसणातलं मडकं घरात आणणार?"

"घरात कशाला आणायचं? पोपटी घरात लावतात व्हय?"

आमचं शेत नदीला लागून आहे. मडकं करंजाखालून उचलून बांध ओलांडला की झालं.

त्या संध्याकाळी पोपटी मी लावली. आईने बांधावरून भांबुर्ड्याचा पाला ओरबाडून आणला, मी शेंगा भरल्या, अंडी घातली, मडकं उपडं केलं. पेंढा पेटला. भांबुर्ड्याचा तो वास सुटला. आबांची जागा विस्तवाच्या वाऱ्याकडच्या बाजूला असायची. तिथे कुणी बसलं नाही.

झाली का हे बघायची आबांची रीत होती. तापल्या मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्रकन उडून गेलं की झाली. ते एकदाच शिंपडायचे. मी किती वेळा शिंपडलं ते विचारू नका.

"सुऱ्या," बबन म्हणाला, "पोपटी लावलीस का रोप लावलंस?"

शेंगा करपतील या धसक्याने मी मडकं लवकरच उघडलं. शेंगा पाटीत ओतल्या. सगळ्यांनी एकेक सोलून तोंडात टाकली आणि सगळे आईकडे बघायला लागले. आई बराच वेळ चावत होती. बराच वेळ चावावंच लागत होतं.

"कच्च्या हायत," ती म्हणाली.

मला विस्तवात शिरावंसं वाटलं. "आई, मला नाय जमत. आबा असते तर..."

"आबांनी पहिल्या वर्षी कोळसा केलेला," आई म्हणाली. "माझ्या माहेरची माणसं बोलावून. तू कच्च्या केल्यास. मधलं कायतरी शिक आता." आणि तिने दुसरी शेंग घेतली. "खा रं. वास तर त्यांच्याच हातचा हाय."

आम्ही त्या कच्च्या शेंगा खाल्ल्या. तात्यांनी विटाळावर बोलत बोलत सगळ्यात जास्त अंडी सोलली. (अंडी बरी शिजली होती.) आईने एका पानावर मूठभर शेंगा वाऱ्याच्या बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, "चावा आता तुमीपण."

तेव्हापासून थंडीतला एकही रविवार मी चुकवलेला नाही. माझ्या शेंगा आता कधी कच्च्या, कधी कोळसा अशा होतात. मधलं अजून सापडायचं आहे. मडकं काळंकुट्ट झालंय, पण वाजवलं तर ठण्ण. मुक्काम करंजाखालीच. तात्यांना आता वेगळीच काळजी लागलीय. "माझ्या येळंला त्या सुऱ्याला पडवीत धाडू नका," असं त्यांनी बबनला बजावलंय.

त्यावरून मलाही सुचलं. परवा मी मुलीला, सायलीला, समोर बसवून सगळं नीट समजावलं. म्हटलं, "हे बघ, माझ्या वेळी साधं, हलकं मडकं आणायचं. भद्द वाजणारं. भावनेच्या भरात चांगलं निवडू नकोस. चल, चौकला जाऊन कसलं ते तुला दाखवूनच ठेवतो."

सायलीने मोबाइलमधून मान वर केली नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी बघू."