आबांच्या पायाची बोटं
लवंगेच्या तेलाचा वास आला की मला पुण्यातल्या कॉलेजची ती लांबट खोली आठवते, जिथं हिरव्या पडद्यांतून आलेलं ऊन पाण्यासारखं हलायचं. नव्वदच्या दशकात डेंटल हायजिनिस्टच्या, म्हणजे दात साफ करून देणाऱ्यांच्या, शेवटच्या परीक्षेला पेशंट आपणच आणायचा असे, तोही दातांवर किटण साचलेला. मी इनामगावचे आमचे शेजारी, आबा, शिरूरहून पहाटेच्या एसटीनं आणले. "आज दात घासू नका," असं बजावलंही होतं. चपला दाराशी काढून ते खुर्चीत बसले, तोंड उघडलं, तर हिरड्या सोलून लाल झालेल्या. "परीक्षेला घाण तोंड घिऊन कसं यायचं, पोरी? राखंनं चांगलं घासलं," ते म्हणाले. किटण मात्र दगडासारखं जागच्या जागी होतं, आणि आता रक्त आलं तर दोष माझ्याच हाताचा ठरणार होता. परीक्षक मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. आबांच्या पायाची बोटं आखडली होती. मी हत्यार अगदी अलगद टेकवलं आणि खरवडत राहिले; खिडकीत कबुतरं घुमत होती, ऊन हलत होतं, आणि हळूहळू ती बोटं सैल होत गेली. आबा चक्क घोरू लागले. घाबरून मी त्यांना हलवणार, तोच मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "झोपू दे त्यांना. तुझा हात कसा आहे ते मला कळलं." आता परीक्षक म्हणून मी उभी राहते, तेव्हा मुलींना वाटतं मी दात बघतेय, पण मी पेशंटच्या पायाची बोटं बघत असते.