दोनदा धुतलेले केस

बोईसरमध्ये माझं पार्लर आहे. केसांना रंग लावायच्या आधी कानामागे थोडासा लावून दोन दिवस थांबा, हे इथे ग्रुपवर लिहून लिहून मी थकले. ऐकतं कोण?

एकीने ऐकलं. घिवलीच्या मासळी विकणाऱ्या एक मावशी. मुलीचा साखरपुडा आहे म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पार्लरमध्ये आल्या. परवा टेस्ट करून गेल्या आणि आज सांगितलेल्या वेळेला हजर. मी रंग कालवला.

शेजारच्या खुर्चीत केस सरळ करून घ्यायला आलेली मॅडम नाकाला रुमाल लावून म्हणाली, "मासळीचा वास येतोय. काहीतरी कर ना."

तिच्या स्वतःच्या डोक्यावरच्या क्रीमला सडक्या अंड्यांसारखा वास सुटला होता. तो बरा चालत होता तिला!

आणि मी काय केलं? रूम फ्रेशनर उचलला आणि मावशींच्या खुर्चीभोवती मारला. हो, मीच.

मावशी उठल्या. गळ्याभोवतीचा टॉवेल काढून नीट घडी करून ठेवला. "बाय, तू सांगितलंस तसं केस धून आली हाय. दोनदा धुतलं. आज बाजारात पन नाय बसली."

मी थांबा म्हणेपर्यंत त्या रिक्षात बसल्या होत्या.

मॅडमचं काम मी पूर्ण केलं. खूश होऊन गेली. मावशींसाठी कालवलेला रंग वाटीतच काळा पडून वाळला.

साखरपुडा रविवारी आहे. रंग घेऊन घिवलीला जाईन म्हणते. पण कोणत्या तोंडाने जाऊ, तुम्हीच सांगा.