आधी घाबरून घेणाऱ्या अक्का

निर्मलाअक्का देवरे यांची आणि माझी पहिली भेट नशिराबादच्या पुढे महामार्गालगत असलेल्या आमच्या उपग्रह नियंत्रण केंद्रात, माझ्या मुलाखतीच्या दिवशी झाली. मी यावलचा. अभियांत्रिकी शिकून जळगावच्या एका पाइप कारखान्यात नोकरीला होतो आणि उपग्रहाशी माझा संबंध घरावरच्या टीव्हीच्या छत्रीपुरता होता. मुलाखतीला तीन-चार जण कोट घालून बसले असतील अशा धास्तीने मी आत गेलो, तर तिथे सुती साडीतल्या एकच बाई बसल्या होत्या. त्यांनी ना गुण विचारले, ना अनुभव. मला एका पडद्यासमोर बसवून म्हणाल्या, "हा खरा उपग्रह नाही. संगणकात केलेली त्याची नक्कल आहे. यात काही बिघडलं तरी कुणाचं नुकसान होणार नाही. आता मी एक बिघाड घालते. तुम्ही काय कराल ते सांगा."

पडद्यावरचे आकडे एकेक करून लाल होऊ लागले. मला घाम फुटला. चुकून काही दाबले जाऊ नये म्हणून मी हात मांडीवर घेतले. शेवटी मी कबूल केले की मला काहीच कळत नाही, कुणाला तरी विचारावे लागेल. नोकरी गेली असे समजून उठलो, तर अक्कांनी पुन्हा बसायला सांगितले. "खोटं आहे हे माहीत असून घाबरलात," त्या म्हणाल्या, "आणि घाबरून भलतं बटण दाबलं नाहीत. सोमवारपासून या."

अक्कांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी ते लाल आकडे डोळ्यांपुढे आले. त्यांच्या हाताखाली घालवलेल्या वर्षांत मला ज्ञान मिळाले तसे भयही मिळाले, आणि त्या भयाबद्दलच मी त्यांचा जास्त ऋणी आहे.

अक्कांचा जन्म शिंदखेडा तालुक्यातला, शिक्षण धुळ्याचे. उमेदीची वर्षे त्यांनी दक्षिणेतल्या एका मोठ्या नियंत्रण केंद्रात काढली. आई थकली म्हणून त्या धुळ्याला परतल्या. त्याच सुमारास जळगावच्या प्रवीणभाऊंनी आमचे हे केंद्र उभे करायला घेतले होते. भाऊंच्या घराण्याचा व्यापार डाळीचा. आकाशाचे वेड त्यांचे एकट्याचे. स्वतःचे उपग्रह नसलेल्या आमच्या केंद्रात वेगवेगळ्या कंपन्यांचे उपग्रह एकाच खोलीतून सांभाळले जातात. भाऊ अक्कांना बोलवायला धुळ्याला गेले, तेव्हा अक्कांनी एकच अट घातली. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक उपग्रहाची नक्कल, म्हणजे त्याचा सिम्युलेटर, आधी तयार झाली पाहिजे. खरा उपग्रह त्यानंतर हातात घ्यायचा. भाऊंनी ती अट मान्य केली आणि आजवर पाळली.

सिम्युलेटर हा आमच्या कामाचा गाभा आहे. खऱ्या उपग्रहासारखाच तो आज्ञा ऐकतो, आकडे पाठवतो, तापतो, थंड होतो. त्याच्यावर माणसे शिकतात आणि कोणतीही नवी आज्ञा वर जाण्याआधी त्याच्यावर चालवून पाहिली जाते. मात्र एकाच खोलीत अनेक उपग्रह आणि तितक्याच नकला असल्या की एक मोठा धोका असतो. सगळे पडदे सारखेच दिसतात. नकलेसाठी लिहिलेली आज्ञा चुकून खऱ्याला गेली तर? अक्कांना या विचाराने झोप लागत नसे. त्यांनी सगळ्या नकलांच्या पडद्यांना नारिंगी चौकट लावली. आज्ञा पाठवण्यापूर्वी प्रत्येकाने मोठ्याने "सराव" किंवा "खरं" असे म्हणायचे आणि शेजाऱ्याने ते परत म्हणायचे, असा नियम केला. नवीन मुले सुरुवातीला हसत. अक्का त्यांना रागावत नसत. त्या म्हणत, "आत्ताच घाबरून घ्या. म्हणजे खऱ्या वेळी हात चालतील."

ही काळजी कामापुरती नव्हती. मी दुचाकीवरून यावलला पोहोचलो की नाही हे विचारायला त्यांचा फोन येई, आणि उचलला नाही तर घरच्यांना येई. आमच्या वैशालीची गोष्ट तर सगळ्या केंद्राला माहीत आहे. ती शिंदखेड्याकडची, जळगावला मावशीकडे राहून नोकरी करणारी. रात्री उशिरापर्यंतच्या पाळ्या असतात हे कळल्यावर तिच्या वडिलांनी तिला घरी बोलावून घेतले. अक्का दुसऱ्याच दिवशी एसटीने तिच्या गावी गेल्या. ओट्यावर बसल्या, चहा घेतला आणि आपल्या अहिराणी बोलीत म्हणाल्या, "आबा, तुमनी पोर ती मनी बी पोर शे. तिले मावशीना दारलोंग पोचाडानं काम मनं." वैशाली परत आली. त्यानंतर तिची पाळी उशिरा सुटली की केंद्राची गाडी आधी तिच्या मावशीच्या दारी जाई, आणि गाडीत अक्का असत.

आता त्या दिवसाविषयी लिहितो. त्याच्याशिवाय अक्कांवरचा लेख अपुरा राहील.

उन्हाळा होता. आमच्याकडच्या उपग्रहांपैकी एक ढगांआडूनही धरणांचे पाणी आणि शेतातली ओल टिपणारा आहे. तो सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, साधारण दीड तासाच्या अंतराने, आमच्या क्षितिजावरून जातो. तेवढी काही मिनिटे त्याच्याशी बोलता येते. एरवी तो असतो कुठे, करतो काय, हे आमच्यासाठी अंधारात असते. त्या सकाळी पहिल्या फेरीला तो आला तो गरगर फिरतच. स्वतःला सूर्याकडे वळवणे त्याला जमत नव्हते आणि बॅटरी उतरत चालली होती. मी आकडे वाचून दाखवत होतो आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. तसाच गरगरत तो क्षितिजाखाली गेला.

आम्ही पाठवलेले आकडे पाहून उपग्रहाच्या मालक कंपनीच्या अभियंत्यांचा अर्ध्या तासात फोन आला. त्याला सावरण्यासाठी त्यांनी आज्ञांचा एक क्रम तयार केला होता, त्यांच्या सिम्युलेटरवर तो यशस्वी झाला होता आणि दुसऱ्या फेरीत तो पाठवावा असा त्यांचा आग्रह होता. आम्ही तो आमच्या नकलेवर चालवला. तिथेही नक्कल डौलात सूर्याकडे वळली. प्रवीणभाऊंनी सुटकेचा निःश्वास टाकला. अक्कांचा चेहरा मात्र अधिकच उतरला.

"पाठवायचं नाही," त्या म्हणाल्या.

भाऊंनी विचारले, दोन्हीकडे चाललंय तर भीती कसली? अक्का म्हणाल्या, "त्याचीच भीती आहे, भाऊ. वरचा आजारी आहे आणि आपली नक्कल धडधाकट. धडधाकटाला मानवलेलं औषध आजाऱ्याला मानवेल कशावरून? आपण जेवढं शिकवलं तेवढंच हे यंत्र बोलतं. आधी नक्कल तितकीच आजारी पाडू दे मला."

म्हणजे दुसरी फेरी जवळजवळ वाया घालवायची. पलीकडून फोनवर आवाज चढले. संध्याकाळपर्यंत बॅटरी टिकली नाही तर जबाबदार कोण, असे सरळ विचारण्यात आले. भाऊ फोन हातात धरून अक्कांकडे बघत राहिले. उपग्रह दुसऱ्यांनी विश्वासाने सोपवलेला, आणि गमावला तर नाव भाऊंच्या केंद्राचे जाणार. शेवटी ते फोनवर एवढेच म्हणाले की आमच्या अक्का थांबा म्हणतात, तर आम्ही थांबतो. दुसऱ्या फेरीत आम्ही फक्त अत्यावश्यक नसलेली उपकरणे बंद करण्याची आज्ञा दिली आणि उरलेला वेळ आकडे उतरवून घेतले. तो मावळताना बॅटरीचा आकडा आणखी खाली गेलेला होता. अक्का पेलाभर पाणी प्यायल्या आणि उतरवून घेतलेले आकडे त्यांनी पुढे ओढले.

मग सुरू झाली ती दुपार. लवकरच आमच्याकडे यायच्या एका नव्या उपग्रहाचा त्या दिवशीचा सराव रद्द झाला. बाकीचे उपग्रह आपापल्या वेळी येतच होते. ते एकट्या वैशालीकडे सोपवले. पलीकडच्या टेबलावरून तिचे "खरं" ऐकू येई, आमच्यातला कुणीतरी ते परत म्हणे, आणि एरवी आमच्याकडून "सराव, सराव" चाले. त्यात वीज गेली. जनरेटर चालू झाला, पण त्यावर सगळी वातानुकूलन यंत्रे चालत नाहीत. अक्कांनी आमच्या खोलीतली बंद करायला लावली आणि संगणकांच्या खोलीतली चालू ठेवली. उन्हाळ्यातली आमच्याकडची दुपार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. अक्का डोक्यावर ओला पंचा घेऊन बसल्या होत्या.

उपग्रहाला वळवणारी चाके असतात. त्यातले एक थांबले असावे असा पहिला अंदाज होता. तो बिघाड नकलेत घातला. आकडे सकाळच्या आकड्यांशी जुळेनात. मग चाक थांबलेले नसून अडखळत फिरते आहे असे धरले. जवळ आले, पण जुळले नाही. भाऊ दाराशी येऊन पडद्याकडे बघत आणि परत जात. दुपार कलली तेव्हा अक्कांच्या मनात आले की सूर्य शोधणारा एक डोळाही अधू झाला असेल. दोन्ही बिघाड एकत्र घातले आणि नक्कल हुबेहूब तशीच गरगरू लागली. एरवी असे जुळले की आम्ही टाळ्या वाजवतो. त्या दिवशी कुणालाच तसे सुचले नाही.

त्या आजारी नकलेवर अक्कांनी कंपनीने पाठवलेला क्रम चालवला. नक्कल अधिकच वेगाने फिरू लागली, बॅटरी संपली आणि नारिंगी चौकटीतला पडदा काळा झाला. सकाळी आम्ही हेच पाठवणार होतो. भाऊ खुर्ची ओढून खाली बसले.

आता दुसरा मार्ग शोधायचा होता. अडखळणारे चाक पूर्ण बंद करायचे आणि उपग्रहातल्या चुंबकीय गुंडाळ्यांनी, पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेत, फिरणे हळूहळू थांबवायचे. काम सावकाश चालणारे आणि बॅटरी कमी. अक्कांनी ते नकलेवर पुन्हा पुन्हा, अंदाज थोडे बदलून चालवले. बहुतेक वेळा ती सावरली. काही वेळा मेली. अक्कांनी भाऊंना बोलावून ते तसेच सांगितले, काहीही गोड न करता. भाऊ म्हणाले, "अक्का, तुम्हीच सांगा. पाठवायचं?"

"पाठवायचं," अक्का म्हणाल्या. "चुकलं तर माझं नाव सांगा."

संध्याकाळच्या पहिल्या फेरीला मी पडद्यासमोर बसलो. उपग्रह अजून जिवंत होता, तेवढे एक बरे. मी "खरं" म्हणालो. मागून अक्कांनी ते परत म्हटले. आज्ञा गेली, पोहोच मिळाली आणि तो मावळला. दुसऱ्या फेरीला त्याचा आवाज आलाच नाही. आम्ही क्षितिजापासून क्षितिजापर्यंत कान लावून बसलो, नुसती खरखर. एकतर तो नेमका पाठमोरा होता, नाहीतर संपला होता. अक्का कुणालाही धीर देत बसल्या नाहीत. प्रत्येकाला जेवायला लावले, वैशालीला घरी पोहोचवून आल्या आणि आपल्या खुर्चीत बसून राहिल्या. मला झोप लागली नाही, आणि त्यांनाही लागली नसणार.

सकाळी उपग्रह क्षितिजावर यायची वेळ झाली. वेळ झाली आणि गेलीही. वैशाली लवकर येऊन माझ्या शेजारी उभी होती. खरखरीतून एक क्षीण रेघ उमटली, गेली, पुन्हा उमटली. पहिले आकडे पडद्यावर आले. फिरणे मंदावले होते. बॅटरी वर चढत होती. मी मागे वळलो, तर अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. मग त्यांनी विचारले, "चौकट नारिंगी नाही ना? नीट बघ."

चौकट नव्हती. तो खरा होता. त्याचे ते चाक कायमचे गेले, पूर्वीसारखा तो चपळ वळत नाही, पण काम करतो. कंपनीच्या ज्या अभियंत्यांनी फोनवर आवाज चढवला होता, ते पुढे स्वतः जळगावला आले आणि नक्कल आजारी कशी पाडायची हे अक्कांकडून शिकून गेले. अक्कांनी त्यांना जेवायला आपल्या जळगावच्या घरी नेले. त्या दिवसाचा विषय मात्र काढला नाही.

गेल्या वर्षी अक्कांच्या हृदयाची एक झडप बदलावी लागली. शस्त्रक्रियेच्या दिवशी मी, वैशाली आणि प्रवीणभाऊ रुग्णालयाच्या बाकावर बसून होतो. प्रत्येक गोष्ट आधी करून पाहण्याची सवय लागलेली आम्ही माणसे, पण तिथे आम्हाला करून पाहण्यासारखे काही नव्हते. नुसते थांबायचे होते. वैशाली दाराकडे बघत होती. भाऊ मनात जप करत होते, आणि मला मुलाखतीच्या वेळी सुटला होता तसा घाम सुटला होता. दार उघडले आणि सगळे ठीक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा आम्ही तिघे एकदमच उठलो.

बोलता येऊ लागल्यावर अक्कांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, आता पुढे काय काय बिघडू शकतं? डॉक्टरांनी हसून एकेक शक्यता सांगितली. अक्कांनी सगळे लक्ष देऊन ऐकले, दोन-तीन उपप्रश्न विचारले आणि मग शांत झोपी गेल्या. आता त्या धुळ्याच्या घरी असतात आणि रोज सकाळी चालायला जातात. परतल्यावर मला फोन करून किती चालल्या ते सांगतात, कारण तसे आम्ही ठरवून घेतले आहे. एखाद्या दिवशी फोनला उशीर झाला की माझे कामात लक्ष लागत नाही.

अक्का, साठ वर्षे आपण साऱ्यांची काळजी वाहिलीत. यापुढे ती थोडी आमच्याकडे द्या. आपणांस भरपूर आयुष्य आणि निकोप प्रकृती लाभो, आणि रोज सकाळी आपला फोन वेळेवर येवो. पुष्कळ वर्षे येत राहो.